शिंपल्याच्या अंगी काय लागतं?

बाळापूरच्या किल्ल्याखाली मन आणि म्हैस या नद्यांचा संगम आहे. या दोन नद्यांच्या काठी सुंदर गोटे सापडतात आणि लोक ते घडवून घेतात, अशी नोंद अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐन-इ-अकबरी’त केली. शिंपले मात्र त्याच्या नोंदीत आले नाहीत. गाळात अर्धे रुतून बसलेले हे काळपट शिंपले भोयांच्या जाळ्यात यायचे, आणि घरोघरी एखादी शिंप कैरी सोलायला ठेवलेली असायची. मी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं आणि दरवर्षी वर्गात हेच शिंपले उघडले. लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस हे त्यांचं पुस्तकातलं नाव.

हा खातो काय, असं मी लहानपणी संगमावर जाळं सुकवत बसलेल्या एका भोयीण आजीला विचारलं होतं. ‘माती खाते नं बापा, दुसरं काय खाईन ते!’ आजीचं हे उत्तर अडाणीपणाचं नव्हतं. युरोपातले विद्वानही बराच काळ याच्या जवळपासच घोटाळत होते.

१९११ साली डेन्मार्कचे सी. जी. जे. पीटरसन आणि बॉयसन येन्सन यांनी समुद्रतळावरच्या जिवांचा आणि त्यांच्या अन्नाचा हिशेब मांडला. उथळ किनाऱ्यावर ईलग्रास नावाच्या गवताची कुरणंच्या कुरणं होती. ते कुजून त्याचा जो भुगा तळाशी साचतो, त्यावरच शिंपले आणि इतर तळजीव पोसले जातात, असा त्यांचा निष्कर्ष. समोर दिसतं ते गवत आणि पोटात सापडतो तो भुगा, मग आणखी पुरावा कशाला? पण १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ईलग्रासवर रोग पडला आणि उत्तर अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरची कुरणं बघता बघता उजाड झाली. गवतावर जगणारे तळजीव त्याच्याबरोबर संपायला हवे होते. तसं घडलं नाही. म्हणजे त्यांच्या अंगी लागत होतं ते बरंचसं दुसरंच काही.

पोटात काय आहे आणि अंगी काय लागतं, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. माझ्या मते या अभ्यासाचा सगळा इतिहास या एका भेदाभोवती फिरतो. वर्गात तो डोळ्यांनी दाखवता येई. जिवंत शिंपला उघडून कल्ल्यावर कारमाइनच्या लाल पुडीचा कण टाकायचा. क्षणभर काहीच होत नाही. मग कण हलतो, कल्ल्याच्या कडेला जातो, तिथल्या बारीक खोबणीत उतरतो आणि तोंडाच्या दिशेने सरकू लागतो. ढकलणारं कुणी दिसत नाही, कारण ते काम सूक्ष्म रोमांचं असतं. तोंडाशी दोन्ही बाजूंना मऊ पाळ्या असतात, तिथे निवड होते. नको ते चिकट स्रावात गुंडाळून, पोटात न जाताच, बाहेर टाकलं जातं. जे आत जातं त्यातलंही सगळं पचत नाही. जठरात काचेसारखी पारदर्शक, जेलीची कांडी फिरत असते, तिच्यातून पाचक रस सुटतात. शिंपला बराच वेळ पाण्याबाहेर राहिला की ती विरघळून जाते. म्हणून बाजारातून आणलेल्या शिंपल्यात ती शोधू नये, ताजा शिंपलाच घ्यावा, असं मी मुलांना बजावून सांगत असे.

महाराष्ट्रात खाडीच्या शिंपल्यांचा हा अभ्यास कुणी नेटाने केला असेल, तर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या मराठवाडा विद्यापीठाने. औरंगाबादच्या प्राणिशास्त्र विभागातले आर. नागभूषणम् आणि यू. एच. माने यांनी १९७०च्या दशकात रत्नागिरीजवळची काळबादेवीची खाडी धरली. कॅटेलिसिया ओपिमा आणि पॅफिया लॅटेरिसुल्का या दोन जातींची वाढ, दाटी आणि प्रजनन यांवर त्यांनी लिहिलं. परिस्थिती पालटली की शिंपला किती वेगाने पाणी ओढतो, यावरचा माने यांचा लेख १९७५ साली ‘हायड्रोबायॉलॉजिया’त आला. पाणी ओढण्याचा वेग हाच शिंपल्याच्या जेवणाचा पहिला हिशेब असतो, कारण त्याला चरायला कुठे जाता येत नाही. आणि कोकणातल्या खाडीत पावसाळ्यात गोडं पाणी उतरलं की सगळंच पालटतं. आमच्यासारख्या कोरड्या मुलखातल्या शिक्षकांना या कामाचा मोठा आधार वाटे. कोकणात बायका ओहोटीला चिखल चाचपून तिसऱ्या काढतात. त्या चिखलाला प्रयोगशाळेइतकाच मान देणारं हे काम होतं.

त्या चिखलावर ओहोटीच्या उन्हात सोनेरी-तपकिरी झाक दिसते. ती डायटम नावाच्या एकपेशीय शैवालांची. पाणी ओसरलं की ही शैवालं उजेडासाठी वर येतात, आणि भरतीचं पाणी त्यांतली कितीतरी उचलून शिंपल्यांपुढे नेतं. आजीच्या ‘माती’त हेच जेवण होतं.

पण डायटम किती आणि कुजलेला पाला किती, हे ठरवायचं कसं? १९७८ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मायकेल डीनिरो आणि सॅम्युअल एपस्टाइन यांनी दाखवून दिलं की प्राण्याच्या शरीरातल्या कार्बन-१३ या जड कार्बनचं प्रमाण त्याच्या अन्नातल्या प्रमाणाच्या अगदी जवळ असतं. हे समजायला वऱ्हाडातलं शेत पुरेसं आहे. कपाशी आणि तूर एका पद्धतीने हवेतला कार्बन घेतात, ज्वारी दुसऱ्या. ठरलेल्या मोजपट्टीवर कपाशी-तूर हजारी उणे २७च्या आसपास येतात, ज्वारी उणे १२च्या. शिंपल्याचं मांस तपासलं की गेल्या काही आठवड्यांत, महिन्यांत त्याच्या अंगी काय लागलं याचा माग निघतो. नायट्रोजन-१५ अन्नसाखळीच्या दर पायरीला साधारण तीन हजारांशांनी वाढतो, तेव्हा कोण कुणाला खातं तेही कळतं.

आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणाऱ्या गोदावरीच्या मुखाशी, आंध्रातल्या कोरिंगाच्या खारफुटीत, या शतकाच्या सुरुवातीला स्टीव्हन बुइयाँ आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत वापरली. भोवती खारफुटीच्या पाल्याचा खच, तरी तिथल्या बहुतेक अपृष्ठवंशीय जिवांच्या शरीरात त्या पाल्याचा वाटा थोडाच निघाला. सूक्ष्म शैवालं आणि भरतीबरोबर आलेलं अन्नच त्यांच्या अधिक अंगी लागत होतं. ईलग्रासच्या वेळची चूक इथे मोजून टाळता आली.

मला आमच्या नदीचं असंच उत्तर हवं आहे. मन पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवला तापीला, आणि तापी सुरतेपलीकडे डुमसजवळ समुद्राला. १९७२ साली उकाई धरण झाल्यापासून बराचसा गाळ तिथेच अडतो. उरलेल्यातून वऱ्हाडच्या ज्वारीचा कार्बन मुखाजवळच्या चिखलातल्या शिंपल्यापर्यंत पोचतो का? एकटा कार्बन हे सांगू शकणार नाही. खाडीतल्या तळाच्या डायटमचा आकडाही अनेकदा उणे १५च्या आसपास येतो, तो ज्वारीच्या इतका जवळ की दोन्ही एकमेकांत मिसळतात. गंधकाची मदत घ्यावी लागेल, कारण समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटमध्ये गंधक-३४ जमिनीवरच्यापेक्षा सहसा बरंच जास्त असतं. आणि नुसते डुमसचे नमुने घेऊन भागणार नाही. संगमावरचा मनचा गाळही सोबत लागेल, पावसाळ्याआधीचा वेगळा आणि पूर ओसरल्यानंतरचा वेगळा.