स्प्रिंग, ग्रीस आणि रबर : जुन्या छोट्या गाडीच्या दुखण्यांचा इतिहास

१९९६ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आम्ही तेव्हा शाळेत होतो. वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी घेऊन आमचे कुटुंब वसईहून भिवंडीला निघाले होते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चिंचोटी लागते. हा तेव्हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ८ होता, आज तो ४८ आहे. चिंचोटीही तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहे. तुंगारेश्वरच्या डोंगरातला इथला धबधबा प्रसिद्ध आहे. इथूनच कामणमार्गे भिवंडीचा रस्ता फुटतो. अवजड ट्रकची वर्दळ आणि वरून पाऊस, म्हणजे खड्डे आलेच. प्रत्येक खड्ड्याला गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून ‘खट्’ असा आवाज येत होता.

आवाज नवा नव्हता. महिनाभरापूर्वी शहरातल्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली होती. ‘गाडी मागून बसली आहे’ असे सांगून त्यांनी मागच्या कमानीत एकेक जादा पाटा घातला होता. गाडी उंच दिसू लागली, धक्के अधिक बसू लागले आणि आवाज तसाच राहिला.

चिंचोटी फाट्यावरच्या एका मेकॅनिकने गाडी जॅकवर चढवली. चाक वरून आणि खालून दोन्ही हातांनी धरून हलवले. ते चांगलेच डुगडुगले. तो वडिलांना म्हणाला, “साहेब, दुखतंय पुढे आणि पाटा घातलाय मागे. किंगपिनला ग्रीस कधी मारलं होतं?” वडिलांना आठवेना. “मग दोष गाडीचा नाही. असेच चालवत राहिला असता तर एक दिवस चाक आडवं पडलं असतं.”

आम्ही शाळेत हुकचा नियम नुकताच शिकलो होतो. गाडीत स्प्रिंग असते एवढेच आम्हाला ठाऊक होते. स्प्रिंग धडधाकट असताना गाडी आजारी कशी पडते, हा प्रश्न त्या दिवशी मनात राहिला. त्याचे उत्तर शोधायचे तर थोडे इतिहासात जावे लागते. कारण सस्पेन्शनचा प्रत्येक भाग कोणत्या तरी जुन्या अडचणीवरचा तोडगा आहे आणि प्रत्येक तोडग्याने आपले एक नवे दुखणे बरोबर आणले आहे.

हुक आणि घोडागाडी

पाठ्यपुस्तकातला रॉबर्ट हुक स्प्रिंगला वजने टांगताना दिसतो. पण १ मे १६६५ रोजी हाच हुक लंडनजवळ कर्नल ब्लाउंट यांच्या घरी रॉयल सोसायटीच्या काही सदस्यांबरोबर घोडागाड्यांच्या परीक्षेला गेला होता. बसणाऱ्याला कमी धक्के बसतील अशी गाडी कशी करावी, हा प्रश्न होता. सॅम्युएल पेप्स याने त्या दिवसाची नोंद आपल्या रोजनिशीत केली आहे. अनेक गाड्या तपासल्यावर जी सर्वांत सुखावह वाटली, तिचा सारा डोलारा एकाच लांब स्प्रिंगवर तोलला होता. ‘जितका ताण तितके बल’ हा नियम हुकने १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये उघड केला. म्हणजे वाहनाच्या धक्क्यांचा प्रश्न या नियमाइतकाच जुना आहे.

१८०४ मध्ये इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियट याने लंबवर्तुळाकार पाट्यांच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले. पोलादाचे कमी-अधिक लांबीचे पाटे एकावर एक ठेवून बांधायचे. टांग्याखाली आणि ट्रकखाली आपण पाहतो ती कमान याच कुळातली. या रचनेचा एक गुण चटकन ध्यानात येत नाही. पाटे वाकताना एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात गाडीच्या उसळीची काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणजे कमान स्प्रिंगचे काम करते आणि थोडेसे ब्रेकचेही.

दुखणेही यातच आहे. पाट्यांमध्ये चिखल आणि गंज शिरला की घर्षण बेभरवशाचे होते. कधी कमान जाम होऊन गाडी दगडासारखी चालते, कधी करकरते. सतत वाकून पाट्यांना थकवा येतो. मधल्या बोल्टच्या भोकापाशी मुख्य पाटा तुटू शकतो. गाडी एका अंगाला कललेली दिसली तर पहिला संशय कमानीवर घ्यावा.

पुढची चाके वेगळी का झाली?

सुरुवातीच्या मोटारींत पुढची दोन्ही चाके बैलगाडीप्रमाणे एकाच आसाने जोडलेली असत. एक चाक उंचवट्यावर चढले की दुसरेही तिरपे होई. वेगात असताना याचा विचित्र परिणाम होई. सायकलचे चाक आसाला धरून जोरात फिरवा आणि आस तिरपा करा. चाक बाजूला वळायला बघते. हाच घूर्णी परिणाम मोटारीच्या चाकांना डावीकडे-उजवीकडे झटके देई. वेग वाढला की पुढचा आस आणि स्टिअरिंग दोन्ही थरथरत.

इटलीत व्हिन्चेन्झो लान्चा यांच्या ‘लाम्ब्डा’ या १९२२ च्या गाडीत पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्र केलेली होती. अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने वजने सरकवता येतील अशी एक प्रयोगगाडी बांधून पद्धतशीर मोजमापे केली आणि १९३४ च्या मॉडेलांपासून त्या कंपनीच्या गाड्यांत स्वतंत्र पुढची चाके आली.

आता आपण आपल्या पद्मिनीकडे येऊ. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटशी झालेल्या करारातून फियाट ११०० तयार होऊ लागली. या गाडीचे १९६४ मध्ये भारतात आलेले रूपच पुढे १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने ओळखले गेले. पुढे दोन दांड्यांच्या जोडीत धरलेली स्वतंत्र चाके आणि गुंडाळीच्या स्प्रिंगा. मागे सलग आस आणि कमानी. म्हणजे या एकाच गाडीत पुढे विसावे शतक होते आणि मागे एकोणिसावे.

स्वतंत्र चाकाला वर-खाली व्हायचे आणि वळायचेही असते. त्यासाठी सांधे लागतात. पद्मिनीचे पुढचे चाक किंगपिन नावाच्या उभ्या खिळीभोवती वळते. खिळ आणि तिचा बुश यांच्यात धातूवर धातू फिरतो, म्हणून तिथे ठरावीक अंतरानंतर ग्रीस भरावेच लागते. ग्रीस संपले की पावसाळ्यातले पाणी आणि रेती आत जाते. रेती धातूला पॉलिश कागदासारखी घासते, फट वाढते आणि प्रत्येक खड्ड्यात त्या फटीत हातोडा बसल्यासारखा ‘खट्’ आवाज होतो. आमच्या गाडीत हेच घडले होते. स्प्रिंग निर्दोष होती. सांधा झिजला होता, आणि तो आमच्याच हलगर्जीपणामुळे.

ग्रीसची कटकट गेली, पण

ग्रीस द्यायला माणसे विसरतात, हे अभियंत्यांनाही माहीत होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दोन धातूंच्या नळ्यांमध्ये रबर घट्ट बसवलेले बुश आले. यात काहीच घासत नाही. रबर नुसते पिळले जाते आणि परत येते. ग्रीस नको, आवाज नाही. दुसरा मोठा बदल अर्ल मॅकफर्सन याने केला. वरची दांडी काढून टाकून त्याने स्प्रिंग आणि शॉकअब्जॉर्बर एकाच उभ्या खांबात बसवले. ब्रिटिश फोर्डच्या १९५० च्या कॉन्सल आणि झेफर गाड्यांत ही रचना आली. सुटे भाग कमी, जागा मोकळी, खर्च कमी. छोट्या गाडीला आणखी काय हवे? डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांना हीच रचना होती.

पण रबर म्हातारे होते. उष्णता, तेल आणि हवेतला ओझोन यांनी ते कडक होते आणि त्याला भेगा पडतात. किंगपिन निदान आवाज करून सांगते. रबर बरेच दिवस गप्प राहते. ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढणे, टायरची एकच कड झिजणे, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सतत सावरावे लागणे, ही त्याची मूक लक्षणे. खालच्या दांडीच्या टोकाला असलेल्या बॉलजॉइंटचे रबरी टोपण फाटले, तर आतले ग्रीस जाऊन किंगपिनचीच कथा पुन्हा सुरू होते.

साठवणारा आणि संपवणारा

आता उरला शॉकअब्जॉर्बर, आपल्या मेकॅनिकच्या भाषेत शॉकअप. त्याच्या नावामुळे गैरसमज होतो. धक्का झेलते ती स्प्रिंग. पण स्प्रिंग ऊर्जा फक्त साठवते आणि परत करते. एकटी असेल तर गाडीला डोलवतच ठेवील. शॉकअप तेलाला बारीक छिद्रांतून जायला लावून त्या ऊर्जेची उष्णता करतो. विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम घासणाऱ्या चकत्या करीत. पुढे तेलाच्या नळ्यांनी त्यांची जागा घेतली. पुष्कळ पाट्यांच्या कमानीला थोडे अंगचे घर्षण तरी असते. गुंडाळीच्या स्प्रिंगला ते जवळजवळ नसते, म्हणून तिथे शॉकअप निकामी होणे अधिक गंभीर.

वर्गात करता येईल असे एक गणित पाहू. वजनाखाली स्प्रिंग किती सेंटिमीटर दबते ते मोजा, त्या आकड्याचे वर्गमूळ काढा आणि त्याने ५ ला भागा. उत्तर म्हणजे दर सेकंदाला होणारी आंदोलने. स्प्रिंग १६ सेंटिमीटर दबत असेल तर वर्गमूळ ४ आणि वारंवारता १.२५. गाडीच्या डोलण्याची वारंवारता १ ते १.५ च्या दरम्यान असली की शरीराला ती मानवते. पाव सेंटिमीटरच दबणाऱ्या कडक आधाराला हेच सूत्र लावले तर उत्तर १० येते आणि हाडे का खिळखिळी होतात ते कळते.

समजा कमानीत सारखे ५ पाटे आहेत आणि आपण सहावा घातला. ताठरता एक पंचमांशाने वाढली, वारंवारता सुमारे १० टक्क्यांनी वाढली. शॉकअप मात्र जुन्या स्प्रिंगसाठी निवडलेला, तो आता तुलनेने अपुरा पडतो. शहरातल्या गॅरेजने आमच्या गाडीला नेमके हेच केले होते. मूळ दुखणे राहिले आणि गाडीला एक दुखणे वाढले.

चाकाची गोष्ट आणखी वेगळी. टायरच्या लवचिकपणावर चाक स्वतःही उसळते, सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा. खराब रस्त्यावर ७० सेंटिमीटर अंतराने उंचवटे असतील आणि गाडी ताशी ३० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर जात असेल, तर चाकाला सेकंदाला सुमारे १२ धक्के बसतात. दोन्ही वारंवारता जुळल्या की अनुस्पंदन होते. शॉकअप धड असेल तर तो ते दाबून टाकतो. नसेल तर चाक रस्त्यावर नाचते, आणि हवेतले चाक ना ब्रेक पाळते ना स्टिअरिंग. म्हणून खराब शॉकअप ही केवळ गैरसोय नव्हे. पावसात पुढचा ट्रक अचानक थांबला, तर आपण थांबू की नाही हे त्यावर ठरते.

हाताने करायच्या चार परीक्षा

उपकरणांशिवाय बरेच काही कळते. सपाट जागेवर उभ्या गाडीच्या चारही चाकांवरची उंची मोजपट्टीने मोजा. डाव्या-उजव्यात ठळक फरक असेल तर स्प्रिंग किंवा कमान पाहा. एक कोपरा जोराने दाबून सोडा. गाडी वर येऊन थांबली पाहिजे, दोन-तीनदा डोलली तर शॉकअप गेला आणि त्यावर तेलाचे ओघळ असले तर खात्रीच. टायरवरून हात फिरवा. ठरावीक अंतरावर खळगे लागले तर चाक नाचत आले आहे. चौथी परीक्षा चिंचोटीच्या मेकॅनिकची : चाक उचलून वर-खाली धरून हलवणे. ही मात्र जाणकाराच्या देखरेखीखाली आणि गाडीला पक्का आधार देऊनच करावी, नुसत्या जॅकवर विसंबून नव्हे.

मुंबईच्या टॅक्सी म्हणून धावणाऱ्या पद्मिनीची मुदत ३० ऑक्टोबर २०२३ पासून संपली. मारुती ८०० चे उत्पादनही २०१४ मध्ये थांबले. पण या पिढीतल्या ज्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, त्यांत माणसे बसतात. गाडी खडखडली की ‘स्प्रिंग बदला’ म्हणण्याआधी कोणता तोडगा कुठे झिजला आहे हे विचारले पाहिजे.

त्या दिवशी मेकॅनिकने किंगपिन आणि बुश बदलले, ग्रीस भरले आणि जादा पाटे काढून वडिलांच्या हातात दिले. कामणच्या रस्त्याला गाडी लागली तेव्हा खड्डे तितकेच होते, पण आवाज नव्हता. ते पाटे पुढे कित्येक वर्षे आमच्या घराच्या माळ्यावर पडून होते. हुकचा नियम आठवताना आम्हाला आजही स्प्रिंगच्या आकृतीआधी तेच दिसतात.