चिलेशन उपचार आणि त्वचेवरील गंभीर प्रतिक्रिया : औषध मायदेशी, पुरळ दोह्यात

शिसे, पारा, आर्सेनिक यांसारखे जड धातू शरीरात साचल्यास त्यांना बांधून मुख्यतः लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या औषधोपचारास चिलेशन म्हणतात. खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले. या वर्गातील पहिले औषध, डायमरकॅप्रॉल, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये ल्युइसाइट या आर्सेनिकयुक्त रासायनिक अस्त्रावर उतारा म्हणून तयार झाले. आज सक्सिमर, डीएमपीएस, डी-पेनिसिलामाइन आणि कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए ही औषधेही वापरली जातात.

त्वचेवर काय घडते?

या औषधांनी अंगावर पुरळ उठणे नवे नाही. बहुतेक वेळा ते सौम्य असते. मात्र सक्सिमरमुळे तोंडाच्या आतील अस्तरावर, मूत्रमार्गाच्या मुखाशी व गुदद्वाराभोवती फोड आल्याची नोंद आहे. डी-पेनिसिलामाइन दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णांत पेम्फिगस हा फोडांचा विकार उद्भवू शकतो. सर्वांत धोकादायक प्रतिक्रिया म्हणजे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी 2008 साली पाऱ्याच्या दीर्घकालीन संपर्कामुळे डीएमपीएस दिलेल्या एका मुलात तो आढळल्याचे वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. अशी प्रकरणे अत्यंत विरळ आहेत. पण या विकारात त्वचा भाजल्यासारखी सुटते. शरीराच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी पृष्ठभागावरील त्वचा सुटल्यास त्यास स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, तर 30 टक्क्यांहून अधिक सुटल्यास टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस म्हणतात. दुसऱ्या प्रकारात सुमारे एक तृतीयांश रुग्ण दगावतात.

कतारमधील मराठी कुटुंबांसाठी महत्त्वाचे

ही प्रतिक्रिया सहसा औषध सुरू झाल्यावर 4 ते 28 दिवसांत दिसते. नेमका हाच अवधी रजेच्या आसपासचा असतो. पुणे वा मुंबईत ‘शरीरशुद्धी’च्या नावाखाली सलाइन लावून घेतलेली व्यक्ती कामावर परतते आणि ताप व पुरळ दोह्यात सुरू होते. तेथील डॉक्टरांपुढे मायदेशातील केसपेपर नसतो. डोळ्यांची जळजळ आणि घसादुखी सर्दीतापाची समजली गेली, तर दोषी औषधच पुढे चालू राहण्याचा धोका असतो. शिवाय विषबाधेचीही त्वचेवर चिन्हे उमटतात : पाऱ्यामुळे मुलांचे हातपाय लाल होऊन सोलवटतात, आर्सेनिकमुळे अंगावर काळपट ठिपके पडतात. त्यामुळे पुरळ धातूचे की औषधाचे, हे ठरवण्यासाठी तारखांचा हिशेब निर्णायक ठरतो.

उपचार खरोखर गरजेचा आहे का?

जड धातूंचा धोका काल्पनिक नाही. बॉस्टन परिसरातील दुकानांत विकल्या जाणाऱ्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे 2004 च्या अभ्यासात दिसून आले होते. तरीही पहिला उपाय म्हणजे धातूचा स्रोत शोधून तो बंद करणे. मुलांत सक्सिमरचा विचार साधारणपणे रक्तातील शिशाचे प्रमाण प्रति डेसिलिटर 45 मायक्रोग्रॅमच्या वर गेल्यावर होतो. आधी चिलेशनचे औषध देऊन मग लघवी तपासण्याची पद्धत फसवी आहे. औषधामुळे निरोगी माणसाच्या लघवीतही धातूंचे प्रमाण वाढते. अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल टॉक्सिकॉलॉजीने अशा चाचणीस शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट केले आहे.

काय करावे?

तापासह दुखरे लाल चट्टे, ओठ वा तोंडात फोड, लाल झालेले डोळे, लघवीला आग किंवा त्वचा सुटणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढचा डोस न घेता त्वरित आपत्कालीन विभाग गाठावा. कतारमध्ये रुग्णवाहिकेसाठी 999 हा क्रमांक आहे. औषधाची बाटली, प्रिस्क्रिप्शन आणि पहिल्या डोसची तारीख सोबत न्यावी. भारतातून आणलेल्या काढा-भस्मांचाही उल्लेख संकोच न करता करावा. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम झाल्यास ते औषध पुन्हा कधीही घेऊ नये आणि त्याचे नाव दोन्ही देशांतील वैद्यकीय कागदपत्रांत ठळकपणे नोंदवून घ्यावे. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद 1800 180 3024 या निःशुल्क क्रमांकावर करता येते.