गलबतावरील जीवन, कोकण किनाऱ्यावरील

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर माल वाहणाऱ्या शिडाच्या गलबतांवरील खलाशांची राहणी, श्रमविभागणी व नौकानयनपद्धती. दर्यावर्दी जीवनाविषयीच्या लेखनात वादळे व चाचे यांनाच अधिक जागा मिळते. प्रत्यक्षात किनारी सफरीतील खलाशाचा बराचसा काळ वाऱ्याची वाट पाहण्यात जाई, आणि सफर लाभाची की तोट्याची हे बहुधा त्या वाट पाहण्यावरच ठरे.

या किनाऱ्यावरील जलमार्ग पुरातन आहे. इ. स. च्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणच्या दक्षिणेकडील बंदरांची मालिका दिलेली आढळते. पोर्तुगीज काळात व्यापारी नौका ताफ्याने, लढाऊ जहाजांच्या संरक्षणाखाली जात. पुढे कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांच्या सत्ताक्षेत्रातून जाणाऱ्या नौकांस त्यांचे दस्तक घ्यावे लागे. एकोणिसाव्या शतकात समुद्र निर्धोक झाल्यावर मात्र खाडीखाडीतून लहान गलबते मुंबईशी थेट व्यापार करू लागली. मंगळूर येथे १८६५ मध्ये कौलांचा कारखाना निघाला व मंगळुरी कौले हे मुंबईकडे येणाऱ्या गलबतांचे एक प्रमुख भरताड बनले. मलबारचे इमारती लाकूड, नारळ व काथ्या, कोकणातील जळाऊ लाकूड यांचीही वाहतूक होई. दक्षिणेकडे जाताना मीठ, कापड व किराणा नेत.

या वाहतुकीत मचवा, पडाव, बतेला असे नौकांचे अनेक प्रकार होते. लांब पल्ल्यासाठी फत्तेमारी विशेष प्रसिद्ध होती. तिला सामान्यतः दोन डोलकाठ्या असत व त्या नाळेच्या बाजूस झुकलेल्या असत. हा झुकाव केवळ दिखाऊ नव्हता. तिरप्या परबाणास बांधलेले मोठे शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस नेताना परबाण डोलकाठीच्या पुढून फिरवावे लागते आणि त्यासाठी लागणारी मोकळी जागा या झुकावामुळे मिळते. असे गलबत वाऱ्यासमोर तोंड करून वळविणे अवघड असल्याने ते वाऱ्याकडे पाठ करून, मोठा फेर घेऊन वळवीत. प्रत्येक फेऱ्यात कमावलेले काही अंतर हातचे जाई. काळोख्या रात्री, ओल्या दोरांनिशी परबाण फिरविणे हे खलाशांचे सर्वांत कष्टाचे व जोखमीचे काम होते. ते शीड ताब्यातून सुटल्यास डोलकाठी मोडण्याचा धोका असे.

पावसाळा सरल्यानंतरच्या हंगामात या किनाऱ्यावर दिवसा वायव्येकडील वारा प्रबळ असतो. त्यामुळे मुंबईहून मंगळूरपर्यंतचे सु. ७०० किमी. अंतर गलबत चारपाच दिवसांत तोडू शके. परतीस मात्र त्याच अंतराला कधी दोनतीन आठवडे लागत. परतीचा सारा भरवसा खाऱ्या व मतलई वाऱ्यांच्या आलटूनपालटून वाहण्यावर असे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते व उत्तररात्री जमिनीकडून मतलई वारा सुटतो. तो अंगावर येताच तांडेल नांगर उचलावयास सांगे. या वाऱ्यावर सकाळपर्यंत गलबत उत्तरेकडे सरकत किनाऱ्यापासून दूर जाई. दुपारच्या सुमारास वारा पडे, मग समुद्राकडून खारा वारा येई व त्यावर गलबत तिरपे चालून पुन्हा किनाऱ्याशी येई. सकाळी फारच दूर गेल्यास सायंकाळपर्यंत आसरा गाठता येत नसे आणि पुरेसे दूर न गेल्यास खाऱ्या वाऱ्याचा लाभ घेण्यास जागा उरत नसे. हे नेमके अंतर ओळखणे यातच तांडेलाचे कसब होते. दोन्ही वारे रुसले व प्रवाहही प्रतिकूल असला, तर मिळविलेले अंतर राखण्यासाठी उथळ चिखलाच्या तळावर नांगर टाकून पडून राहणे एवढेच हाती असे.

तांडेल नकाशापेक्षा खुणांवर अधिक विसंबे. किनाऱ्याला समांतर धावणारी सह्याद्रीची शिखरे, किल्ल्यांचे बुरूज, मंदिरांची शिखरे, माडांच्या रांगा यांच्या परस्परस्थितीवरून तो आपला ठाव ठरवी. शिसे बांधलेली दोरी सोडून तो पाण्याची खोली वावांत मोजी आणि शिशाच्या बुडास लावलेल्या चरबीला चिकटून आलेल्या वाळू, चिखल वा शिंपल्यांवरून तळ ओळखी. खांदेरीचा दीप १८६७ पासून मुंबईच्या वाटेवर होता. तथापि मालवणच्या आसपासचे खडक किंवा वेंगुर्ल्यासमोरची खडकाळ बेटे रात्री टाळावयाची, तर दिव्याइतकीच आठवणही लागे. खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असल्याने आत शिरणे भरतीवर अवलंबून असे. मुंबईस उधाणाच्या वेळी भरतीओहोटीतील फरक ४ मी. च्या वर जातो, तर कोचीनकडे तो १ मी. च्या आसपासच राहतो. एका बंदराचा अंदाज दुसऱ्या बंदरी चालत नसे.

गलबतावर आकारमानानुसार साधारणतः आठ ते पंधरा माणसे असत. तांडेल हा प्रमुख, सुकाण्या सुकाणूवर, भंडारी स्वयंपाकाला व इतर खलाशी. खारवी, भंडारी, गाबीत, कोळी, दालदी इ. समाजांतील लोक या व्यवसायात होते. निजण्यास खोल्या नसत. पोटात माल भरलेला, वर फळ्यांवरही लाकूड वा नारळ रचलेले, आणि लाटांचे पाणी आत येऊ नये म्हणून कडेने तट्ट्या बांधलेल्या. यातून उरेल त्या जागेत, बहुधा मालावरच, खलाशी घोंगडी अंथरीत. माती भरलेल्या लाकडी पेटीत चूल असे. वारा वाढला की ती विझवावी लागे व त्या दिवशी शिळ्यावर भागवावे लागे. नित्याचे जेवण म्हणजे भात, कुळथाचे पिठले, आमसुलाचे सार, सुकी मासळी आणि गरीला लागलीच तर ताजी. पिंपातले गोडे पाणी फक्त पिण्यास व शिजविण्यास. अंग धुणे खाऱ्या पाण्यानेच. शौचासाठी गलबताच्या मागील बाजूस बाहेर टांगलेली लाकडी चौकट असे. वारा पडलेल्या दिवसांत पाणी मोजून देण्याची पाळी येई. किनारा दिसत असताना तहान सोसण्याचा हा प्रकार खोल समुद्रातील खलाशास क्वचितच ठाऊक असेल.

मेहनताना कोठे मासिक वेतनाच्या, तर कोठे वाट्याच्या स्वरूपात असे. वाट्याच्या पद्धतीत खर्च वजा जाता उरलेल्या नोराचे वाटे पडत; त्यांत मालकाचा वाटा मोठा. वारा अडला तर शिधा सरे पण नोर वाढत नसे. हंगामाच्या प्रारंभी घरखर्चासाठी घेतलेली उचल फिटली नाही, तर खलाशी पुढील वर्षीही त्याच नाखव्याशी बांधलेला राही. वाऱ्याच्या लहरीचा भुर्दंड अशा रीतीने सर्वांत शेवटच्या माणसावर पडत असे, ही गोष्ट सागरी साहसाच्या वर्णनांतून सहसा निसटते.

नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून हंगाम उघडत असला, तरी मोठी गलबते हस्ताच्या गडगडाटी सरी ओसरल्यावरच दूरच्या वाटेला लागत. ऑक्टोबर-नोव्हेंबर व मे हे चक्रीवादळांचे महिने. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईलाच अशा वादळाचा तडाखा बसला. बंदरावर चढविलेला धोक्याचा बावटा नांगरलेल्या गलबताला दिसे, वाटेवरच्याला नाही. त्यातही मेमधील शेवटची खेप घ्यावी की न घ्यावी, हा दरवर्षीचा प्रश्न असे. ती साधल्यास उचल फिटण्याची आशा. पाऊस लवकर उतरला तर जळाऊ लाकूड समुद्रात फेकूनही गलबत वाचेलच असे नाही. जूनपूर्वी गलबते खाडीत खेचून, झावळ्यांनी शाकारून ठेवीत. ती पुन्हा पाण्यात लोटण्यापूर्वी फळ्यांच्या सांधी कापसाने बुजवीत व पाण्याखालील भागास चुना व चरबी यांचा लेप देत.

स्वातंत्र्योत्तर काळात गलबतांवर यंत्रे बसू लागली. शीड काही वर्षे जोडीला राहिले, पण उत्तररात्रीच्या वाऱ्यासाठी जागण्याचे कारण उरले नाही. काँक्रीटच्या छपरांनी कौलांची व स्वयंपाकाच्या गॅसने जळाऊ लाकडाची मागणी घटविली. मालमोटारींनी उरलेला माल घेतला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. गाळाने उथळ झालेल्या कित्येक खाड्यांत आता जुन्या धक्क्यांचे दगड ओहोटीच्या वेळी तेवढे उघडे पडतात.