एलीया

(इ. स. पू. नववे शतक). इस्राएलच्या उत्तर राज्यातील संदेष्टा. हिब्रू नाव एलियाहू. बेने इस्रायली हा भारतातील ज्यू समाज त्याला ‘एलियाहू हन्नाबी’ म्हणतो. बायबलच्या राजांच्या ग्रंथांत त्याची कथा येते. राजा अहाब व राणी ईजबेल यांनी बआल या देवाच्या पूजेला दिलेल्या आश्रयास त्याने विरोध केला. कर्मेल डोंगरावर त्याने बआलच्या ४५० संदेष्ट्यांना आव्हान दिले. अखेरीस तो वावटळीतून स्वर्गात गेला व अलीशा त्याचा वारस झाला, असे ग्रंथ सांगतो. मलाखीच्या ग्रंथात त्याच्या पुनरागमनाचे भाकीत आहे.

कोकणातील बेने इस्रायली त्याला नवसाला पावणारा मानतात. अलिबागजवळील खंडाळे येथील खडकावर त्याच्या रथाच्या चाकांच्या व घोड्यांच्या टापांच्या खुणा उमटल्या, अशी श्रद्धा असून भाविक तेथे नवस फेडतात. लग्नापूर्वी किंवा नवस फेडताना ‘मलिदा’ हा विधी होतो. भिजवलेले पोहे, किसलेले खोबरे, साखर व वेलदोड्याची पूड कालवून तबकात रचतात. भोवती फळे मांडतात. हिब्रू प्रार्थनेनंतर प्रसाद वाटला जातो. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्रायली कुटुंबांतही हा विधी चालू आहे.