वाटाघाटी लांबवा, मग संप बेकायदा ठरवा : १९३८ पासूनची जुनी युक्ती

पायलट संपावर जाण्याची भाषा करू लागले की आपल्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो. महिन्याला लाखांत पगार घेणाऱ्यांशी आपलं काय देणंघेणं? नांदेड-लातूरच्या पोरांना तर तो प्रश्न फारच लांबचा वाटतो. लातूरच्या विमानतळावरून नियमित प्रवासी विमान नाही. नांदेडला २०१७ मध्ये उडान योजनेतून हैदराबादचं विमान सुरू झालं, पण ते चालवणारी ट्रूजेट कंपनी २०२२ मध्ये बंद पडली. आपलं वाहन म्हणजे एसटी. पण बोलणी अडकून पडल्यावर कामगाराने काय करायचं, हा प्रश्न पायलटला आणि एसटीच्या चालकाला सारखाच लागू आहे. या प्रश्नावर बाबासाहेब १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत सविस्तर बोलले होते. चळवळीत १४ एप्रिलला डीजेचा खर्च किती यावर जेवढी चर्चा होते, त्याच्या एक टक्काही या भाषणावर होत नाही.

तेव्हा मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं. सप्टेंबर १९३८ मध्ये सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणलं. वरून ते शहाण्यासारखं दिसत होतं. भांडण झालं की आधी नोटीस द्या, मग समेटाची बोलणी करा, ती फिसकटली तर पुढचं पाहू. खरी गोम अशी होती की ही सगळी प्रक्रिया संपेपर्यंत संप बेकायदा, आणि बेकायदा संप करणाऱ्याला शिक्षा. म्हणजे बोलणी जितकी लांबतील तितके दिवस कामगाराचे हात बांधलेले. मालकाला घाई कशाची? गिरणी चालू, नफा चालू. पोट कामगाराचं जळत असतं.

१५ सप्टेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी याच्या मुळावर घाव घातला. संप म्हणजे फार तर कराराचा भंग आहे, तो दिवाणी प्रश्न आहे, फौजदारी गुन्हा नव्हे, असं त्यांचं म्हणणं. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामावर राहायला शिक्षेच्या धाकाने भाग पाडणं म्हणजे त्याला गुलाम करणं. आणि स्वराज्य हा हक्क मानणाऱ्या काँग्रेसवाल्यांना त्यांनी बजावलं की संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे. इंग्रजांनी १८५९ मध्ये काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंगात टाकणारा कायदा केला होता. तो विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रद्द झाला. जे इंग्रजांनी मोडीत काढलं ते खादी घातलेलं सरकार मागच्या दाराने परत आणत होतं.

सभागृहात बहुमत काँग्रेसचं, त्यामुळे विधेयक मंजूर होणारच होतं. मग लढाई रस्त्यावर आली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एका मंचावर आले. कामगार मैदानावर जमनादास मेहतांच्या अध्यक्षतेखाली प्रचंड सभा झाली, बाबासाहेब आणि डांगे तिथे बोलले. समता सैनिक दलाचे स्वयंसेवक दिवसभर गिरणगावात राबले. पोलिसांनी गोळीबारही केला. ‘बाबासाहेब कामगारांचे नव्हते’ असं म्हणणाऱ्या डाव्यांना आणि ‘बाबासाहेबांचा लाल झेंड्याशी कधी संबंधच आला नाही’ असं म्हणणाऱ्या आपल्याही काही भावांना ही तारीख तोंडपाठ करायला लावली पाहिजे.

पण आता दुसरी बाजू. दहा वर्षांपूर्वी, १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी, बाबासाहेबांनी संपवाल्यांनाच जाब विचारला होता. विणकाम खात्यात पगार सगळ्यात जास्त, आणि तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. कामगार एक आहे म्हणणाऱ्यांनी ही मागणी आपल्या यादीत घ्यावी, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच घेतली. १९२९ च्या संपाला तर त्यांनी उघड विरोध केला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. रेल्वेत आपला माणूस आयुष्यभर गँगमनच राहतो, त्याला साधं हमालही होता येत नाही, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरात काम करावं लागतं, हेही तिथेच सांगितलं. ज्या मनमाडवरून आपली नांदेडची गाडी येते, तेच मनमाड.

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे मुंबईचा कायदा उस्मानशाही मिलच्या कामगाराला लागू नव्हता. पण युक्ती सरहद्द मानत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने सार्वजनिक सेवांना तीच चौकट लावली: नोटीस, चौदा दिवसांची वाट आणि समेटाची कारवाई चालू असेपर्यंत संपाला बंदी. विमानसेवा त्यातच येते.

पायलटांनी तिचा अनुभव घेतला. सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजने संघटना बांधणाऱ्या दोघांना काढलं, तेव्हा बाकीच्यांनी संप न म्हणता आजारपणाची रजा टाकली. मे २०१२ मध्ये एअर इंडियाच्या पायलटांनी ड्रीमलायनरच्या प्रशिक्षणाच्या वादावरून काम थांबवलं. दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई केली, शंभरच्या आसपास पायलट बडतर्फ झाले, त्यांच्या संघटनेची मान्यता गेली. ५८ दिवसांनी, ३ जुलैला संप मागे घेतला गेला. पगार लाखांत असूनही अवस्था १९३८ च्या गिरणी कामगारासारखीच. पायलटाच्या संपाला पाठिंबा द्यायचा तो म्हणून. मात्र १९२८ चा प्रश्नही त्याच्या दारात ठेवायचा. एअर इंडिया सरकारी होती तोवर भरतीत आरक्षण होतं. जानेवारी २०२२ मध्ये ती टाटांकडे गेली आणि आरक्षणही गेलं. त्यावर किती संघटना बोलल्या?

त्याच जानेवारीत इकडे नांदेड, लातूरच्या आगारांत एसटी उभ्या होत्या. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी कृती समितीने सरकारशी तडजोड करून आंदोलन मागे घेतलं, पण कामगारांनी पुढाऱ्यांना झुगारून विलीनीकरणाची मागणी धरून ठेवली. मूळचे नांदेडचे वकील गुणरत्न सदावर्ते त्यांचा चेहरा बनले. नोव्हेंबरात सरकारने सेवेनुसार अडीच ते पाच हजारांची मूळ वेतनात वाढ दिली. न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीने मात्र विलीनीकरण नाकारलं. मेस्माचा धाक, निलंबन, बडतर्फी, अनेक कर्मचाऱ्यांच्या आत्महत्या, आणि अखेर एप्रिल २०२२ मध्ये २२ तारखेपर्यंत कामावर परत या असा उच्च न्यायालयाचा आदेश. सहा महिने लढून विलीनीकरण मिळालं नाही. नेतृत्व एका माणसाच्या माइकवर चालत होतं, हेही त्यामागचं एक कारण, असं माझं मत. राग खरा होता, पण बोलणीच्या टेबलावर बसायला कामगारांची स्वतःची मान्य संघटना उरली नव्हती.

हे टेबलच बाबासाहेबांनी ओळखलं होतं. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये त्यांनी कामगार संघटनेला मालकाने मान्यता देणं सक्तीचं करणारं विधेयक मांडलं. समेट त्यांना नकोच होता असं नाही. सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद त्यांनीच चालवली. पण एका बाजूचे हात बांधून केलेल्या बोलणीला ते समेट म्हणत नव्हते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. जी चौदा दिवसांच्या नोटिशीची अट पूर्वी सार्वजनिक सेवांपुरती होती, ती आता संहितेखालच्या प्रत्येक उद्योगाला आहे. समेटाची कारवाई चालू असताना आणि ती संपल्यावर आणखी सात दिवस संप नाही. एकाच दिवशी निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून किरकोळ रजा टाकली तर तीही संपच. जेटच्या पायलटांनी शोधलेली फटही बुजवली. आणि एसटीत भाडेतत्त्वावर आलेल्या इलेक्ट्रिक बसचा चालक महामंडळाचा नोकर नाही, ठेकेदाराचा आहे. तो आपल्याच वस्तीतला पोरगा असतो. नोटीस द्यायची तर कुणाला, महामंडळाला की ठेकेदाराला, हे त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही. येत्या ७ नोव्हेंबरला आगाराच्या गेटवर जाऊन त्याला भेटणारी किती पोरं आपल्याकडे आहेत, ते आधी मोजू या.