पुण्यात आलेला राजपुत्र

२०२० च्या सप्टेंबरमध्ये भंडाऱ्यातला पूर ओसरून दहा-बारा दिवस झाले होते. ऑगस्टच्या शेवटी वैनगंगा शहरात शिरली होती आणि मावशीच्या घरातला गाळ काढायला मी आणि दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, रोज जात होतो. मला नोकरीचं ऑफर लेटर मिळालेलं, पण जॉइनिंग कोविडमुळे पुढे पुढे चाललेलं. अशाच एका सकाळी दादाने चिखलाच्या हातानेच फोन माझ्यापुढे धरला.

"पाह्य ना बे, आपला प्रिन्स येऊन राहिला. पुण्यात बनून राहिला!"

'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सॅन्ड्स ऑफ टाइम' या २००३ च्या गेमचा रिमेक युबिसॉफ्टने आदल्या रात्री जाहीर केला होता. तो बनवत होते युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ. तोवर आपल्याकडच्या स्टुडिओंच्या वाट्याला बहुतेक दुसऱ्यांच्या मोठ्या गेमला मदत करण्याचं काम यायचं. इतक्या मोठ्या नावाच्या गेमची धुरा थेट महाराष्ट्रात, ही बातमी मी दोनदा वाचली. मग ट्रेलर पाहिला.

अभिमान पंधराएक सेकंद टिकला. राजपुत्राचा चेहरा मेणाचा वाटत होता. उजेड सपाट. जुन्या गेममधली ती धूसर, स्वप्नातल्यासारखी संध्याकाळ कुठेच नव्हती. जगभरचे चाहते त्याच दिवशी तुटून पडले आणि मीही मागे राहिलो नाही. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाचा फोटो घेतला, शेजारी राजपुत्राचा चेहरा लावला आणि खाली लिहिलं: ओळखा, कोणाच्या चेहऱ्यावर भाव जास्त. कॉलेजच्या ग्रुपवर ते मीम भरपूर फिरलं. एकाने लिहिलं, 'आपल्याकडचं काम असंच असतं.' त्यावर हसणारा इमोजी टाकणाऱ्यांत मी होतो. हा लेख त्या इमोजीबद्दल आहे असं म्हटलं तरी चालेल.

आधी हा राजपुत्र आमच्यासाठी कोण होता ते सांगतो. २००९-१० च्या सुमारास, मी अकरा-बारा वर्षांचा असताना, दादा नागपूरहून एक डीव्हीडी घेऊन आला. ओरिजिनल अर्थातच नव्हती. त्या वयात भंडाऱ्यात ओरिजिनल गेम कुठे मिळतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. लोडशेडिंगच्या वेळा सांभाळून आम्ही तो उन्हाळाभर खेळलो.

ही कथा सुरू होते ती हिंदुस्थानात. पर्शियाचा राजा शरमान एका विश्वासघातकी वजिराच्या मदतीने एका महाराजाच्या महालावर हल्ला करतो. त्या लुटीत राजपुत्राच्या हाती एक खंजीर लागतो, ज्याने काळ मागे फिरवता येतो. पुढे वजिराच्या बोलण्यात येऊन तो काळाची वाळू मोकळी करतो आणि सगळा महाल राक्षसांनी भरून जातो. सोबतीला उरते फराह, त्याच महाराजाची मुलगी, जिचं घर त्याने स्वतः उद्ध्वस्त केलेलं असतं. संपूर्ण गेम राजपुत्र कुणाला तरी सांगत असलेली गोष्ट आहे. तुम्ही दरीत पडून मेलात की तो म्हणतो, छे, असं नव्हतं झालं, आणि गोष्ट मागून पुन्हा सुरू होते. शेवटी कळतं की तो ती फराहलाच सांगतोय. काळ मागे गेल्यामुळे तिला मात्र काहीच आठवत नाही. तेव्हा तो तिलाच फक्त ठाऊक असलेला, तिच्या आईने शिकवलेला एक गुप्त शब्द उच्चारतो: काकोलूकीयम्.

त्या वेळी आम्हाला तो काहीतरी परदेशी मंत्र वाटला होता. पुढे कळलं, पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्राचं हे नाव, कावळे आणि घुबडांच्या वैराचं. कॅनडात मॉन्ट्रियलला बनलेला गेम, पर्शियन राजपुत्र, आणि कथेचं कुलूप उघडणारी किल्ली विष्णुशर्म्याकडची.

या गेमने मालिकेला मोठ्या खड्ड्यातून वर काढलं होतं. जॉर्डन मेकनर या तरुणाने आपल्या धाकट्या भावाला पळताना, उड्या मारताना व्हिडिओवर टिपून, त्यावरून चित्रं काढून १९८९ मध्ये पहिला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' बनवला. १९९३ मध्ये दुसरा भाग आला. १९९९ मध्ये त्रिमितीतला तिसरा आला आणि बग्ज आणि अवघडलेल्या नियंत्रणामुळे पडला. २००३ च्या गेमने ती पत परत मिळवली. मग चाहत्यांची निराशा पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी हप्त्याहप्त्याने.

पहिला हप्ता २००४ चा, 'वॉरियर विदिन'. गोष्ट सांगणारा तो जरासा घमेंडखोर, जरासा लाजरा मुलगा गायब. त्याच्या जागी दात ओठ खाणारा, रक्ताने माखलेला कुणीतरी, मागे गॉडस्मॅक या बँडचं मेटल संगीत. फराह नाहीच. ज्याने हे जग जन्माला घातलं त्या मेकनरनेही ही दिशा आपल्याला आवडली नसल्याचं जाहीरपणे सांगितलं. (मला यातला दहाका हा पाठलाग करणारा राक्षस अजून स्वप्नात येतो, म्हणजे गेम अगदी टाकाऊ नव्हता. पण तो आमचा प्रिन्स नव्हता.) २००५ च्या 'टू थ्रोन्स'ने फराहला परत आणून बरीच सारवासारव केली. २००८ मध्ये सगळं पुसून नवा राजपुत्र आला. त्या गेमचा शेवट अर्धवट सोडला, उरलेली कथा वेगळी विकली, आणि तीही पीसीवर कधी आलीच नाही. म्हणजे आमच्यासारख्यांसाठी ती गोष्ट आजही तिथेच लटकलेली आहे. २०१० मध्ये हॉलीवूडपट आला, त्याच सुमाराला 'फरगॉटन सॅन्ड्स' आला, आणि मग मोठ्या पडद्यासाठीचा राजपुत्र वर्षानुवर्षं दिसलाच नाही. दरम्यान याच मालिकेचा एक भाग म्हणून सुरू झालेल्या कल्पनेतून २००७ मध्ये 'अससिन्स क्रीड' निघाला होता. कंपनीचं लक्ष तिकडे गेलं.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईला, शंकरपटाला गावोगाव रात्रभर नाटक असतं. एखाद्या मंडळाचं नाटक पडलं तर गाव पुढच्या वर्षी दुसरं मंडळ आणतं. हिशेब तिथल्या तिथे मिटतो, कारण नाव ज्याचं, काम त्याचंच. गेमच्या मालिकेत तसं होत नाही. नाव तेच राहतं आणि त्याखालची माणसं बदलत जातात. एकाने केलेली उधारी दुसऱ्याच्या नावावर चढते.

२०२० मध्ये पुण्याच्या हाती जे आलं, त्यात ही उधारीही होती. मालिकेतला सगळ्यात लाडका गेम, दहा वर्षं वाट पाहून चिडलेले चाहते, आणि या पल्ल्याचा गेम आधी स्वतःच्या बळावर न काढलेला स्टुडिओ. मूळ गेम 'जेड' नावाच्या जुन्या इंजिनवर होता, रिमेक 'अॅनव्हिल'वर, म्हणजे 'अससिन्स क्रीड'साठी घडवलेल्या इंजिनवर. ऐकायला सोपं वाटतं. पण काळ मागे फिरवायचा तर राजपुत्र, प्रत्येक राक्षस, प्रत्येक झुलतं पातं क्षणाक्षणाला कुठे आणि कोणत्या अवस्थेत होतं याची नोंद सतत ठेवावी लागते आणि ती उलटी चालवावी लागते. अॅनिमेशन, धडका, आवाज, सगळ्यांनी उलटं चालायला राजी व्हायला हवं. ही गोष्ट नंतर कुठे तरी चिकटवता येत नाही, पायातच घालावी लागते.

तेव्हा मला यातलं काही सुचलं नाही. पुढे नोकरीत माझ्याकडे एक जुनी प्रणाली नव्याने लिहायचं काम आलं. मूळ लिहिणारे कधीच निघून गेलेले, कागदपत्रं अर्धवट. आम्ही सहा महिन्यांनी काहीतरी दाखवलं तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, जुनं बरं होतं. आणि त्याचं खरंही होतं. आमच्या कामात चुका होत्या. पण जुन्या प्रणालीने त्याला आधी तीनदा रडवलं होतं आणि त्याचा रागही त्या वाक्यात मिसळलेला होता. त्या रात्री मला तो लाकडी बैल आठवला.

अशीच गोष्ट रोल-प्लेइंग गेमच्या जगातही घडली आहे. बायोवेअरची 'मास इफेक्ट' ही तीन भागांची अंतराळगाथा. खेळाडूने घेतलेले निर्णय एका भागातून दुसऱ्यात जातात, हे तिचं वचन. २०१२ मध्ये तिसऱ्या भागाच्या शेवटी त्या सगळ्या निर्णयांना फारसा अर्थ उरला नाही, असं वाटून चाहते इतके भडकले की कंपनीला शेवट वाढवून द्यावा लागला. पुढचा गेम, 'अँड्रोमेडा', एडमंटनच्या मुख्य स्टुडिओने नाही, तर तोवर सहाय्यक कामं केलेल्या मॉन्ट्रियलच्या शाखेने बनवला. मार्च २०१७ मध्ये तो आला आणि निर्जीव चेहऱ्यांच्या मीम्सखाली गाडला गेला. त्याच वर्षी ती शाखा दुसऱ्या स्टुडिओत विलीन झाली. चेहरे वाईट होते हे खरंच. पण २०१२ चा राग शिल्लक नसता, तर लोक पहिल्याच दिवशी एवढ्या आनंदाने चेहरे मोजत बसले असते का?

पुण्याच्या ट्रेलरचंही तेच. तो कमजोर होता, यावर मी आजही ठाम आहे. तो त्या अवस्थेत जगाला दाखवायचं ठरवणाऱ्याने टीमचं भलं केलं नाही. गेम २१ जानेवारी २०२१ ला येणार होता. तारीख मार्चवर गेली, मग फेब्रुवारीत बेमुदत लांबली. मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून मॉन्ट्रियलला, राजपुत्राच्या दुसऱ्या जन्मगावी दिलं गेलं. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी पुन्हा तेच वाक्य आलं. मी या वेळी इमोजी टाकला नाही. काही बोललोही नाही, तेही सांगून टाकतो.

चाहत्यांचा सूर होता, आता योग्य हातात पडलं. मॉन्ट्रियलने काम जवळजवळ मुळापासून सुरू केलं. २०२४ मध्ये एक मेणबत्ती विझतानाचा छोटासा टीझर आला आणि २०२६ हे साल सांगितलं गेलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या माँपेलिए स्टुडिओचा 'द लॉस्ट क्राउन' आला होता. संपूर्ण फारसी संवाद असलेला, समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला, माझ्या मते २००३ नंतरचा मालिकेतला सर्वात चांगला गेम. तो कंपनीच्या अपेक्षेएवढा खपला नाही आणि बनवणारी टीम विखुरली गेली. चांगला गेम बनवूनही गेलेला भरवसा परत येत नाही, हे तेव्हा प्रथम नीट दिसलं.

२१ जानेवारी २०२६ ला युबिसॉफ्टने एका दमात सहा गेम रद्द केले. त्यात 'सॅन्ड्स ऑफ टाइम'चा रिमेक होता. पुणे-मुंबईच्या टीमला जी पहिली तारीख दिली होती, तिच्यानंतर बरोबर पाच वर्षांनी. ज्या शहराने मूळ गेम बनवला, ज्यांच्याकडे पैसा आणि अनुभव होता, त्यांच्याकडूनही तो पुरा झाला नाही. ग्रुपवर या वेळी कुणी म्हणालं नाही की कॅनडाचं काम असंच असतं.

मूळ गेम अजून विकत मिळतो, फार थोड्या पैशांत. आता मी तो रीतसर घेतलाय. नव्या स्क्रीनवर तो नीट बसत नाही, त्यासाठी चाहत्यांनी केलेली दुरुस्ती टाकावी लागते. बातमी आली त्या रात्री मी तो सुरू केला आणि पहिल्याच भिंतीवरून पडलो. राजपुत्र म्हणाला, असं नव्हतं झालं.

तेवढ्यात दादाचा मेसेज आला. "तुझं ते बैलाचं मीम अजून आहे माझ्याजवळ. टाकू का ग्रुपवर?"

नको टाकू, म्हटलं.