व्हिंटेज मोटारगाडीच्या मूळ रंगाची निश्चिती

मोटारगाडी कारखान्यातून किंवा बॉडी बांधणाऱ्याकडून प्रथम बाहेर पडली, तेव्हा तिच्यावर असलेला रंग उपलब्ध पुराव्यांवरून ठरविण्याची ही क्रिया होय. ब्रिटनमध्ये ‘व्हिंटेज’ ही संज्ञा १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांना लावतात. भारतात ती सैलपणे, दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बहुतेक गाड्यांना लावली जाते.

मराठवाड्यातील नांदेड, लातूर या भागांत हा प्रश्न काहीसा बिकट आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातून वेगळा झाला. राज्ये बदलली तशी नोंदणीची कार्यालयेही बदलली, त्यामुळे एखाद्या गाडीचे सर्व कागद एके ठिकाणी मिळतीलच असे नाही. संस्थानाचा कारभार उर्दूत चाले. जुन्या कागदात रंगाचा उल्लेख आढळलाच, तरी ‘आसमानी’ किंवा ‘सब्ज’ या शब्दांत निळ्याहिरव्याच्या अनेक छटा सामावतात. गाडी कोणत्या वाटेने आली, हेही पाहावे लागते. नांदेड गोदावरी खोऱ्यातील मीटरमापी लोहमार्गाने हैदराबादशी, तर लातूर बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंदमापी मार्गाने कुर्डुवाडीमार्गे मुंबईशी जोडलेले होते. मुंबईत जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून चालू होता. जोडणी येथे झाली असल्यास अमेरिकेतील मूळ सूचिपत्रातील रंग प्रमाण मानणे धोक्याचे ठरते.

निजामाची गाडी म्हणजे पिवळी, अशी समजूत होण्यास एक प्रसिद्ध गाडी कारणीभूत आहे. सहावा निजाम मीर महबूब अली खान याने मागविलेली रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट जातीची ‘सिंहासन गाडी’ पिवळ्या रंगाची असून ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात ठेवली आहे. महबूब अली खान १९११ मध्ये मरण पावला व गाडी त्याचा पुत्र मीर उस्मान अली खान याच्याकडे आली. पिवळा हा आसफजाही निशाणाचाही रंग होता. परंतु हा पुरावा त्या गाडीपुरता आहे. नांदेडच्या जहागीरदाराची किंवा लातूरच्या अडत्याची गाडी त्यावरून पिवळी ठरविता येत नाही. फोर्डची ‘टी’ गाडी नेहमी काळीच असे, ही समजूतही अशीच अपुरी आहे. केवळ काळ्या रंगाचा नियम सु. १९१४ ते १९२५ एवढ्याच काळात होता.

जुनी छायाचित्रेही फसवितात. त्या काळच्या पुष्कळ काचपट्ट्या तांबड्या प्रकाशास जवळजवळ असंवेदी आणि निळ्यास फार संवेदी असत. त्यांवर तांबडी गाडी काळी व फिकी निळी गाडी पांढुरकी उमटे. म्हणून खरा पुरावा गाडीच्या अंगावरच शोधावा लागतो.

दाराच्या आतील अस्तरामागे, बिजागरीखाली, नावाच्या पट्टीमागे किंवा बैठकीखाली मूळ रंगाचा अंश टिकून असतो. तेथे बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून हलकेच घासले असता एकाखाली एक थर कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या वर्तुळांत उघडे पडतात. जुन्या रंगांत शिशाची संयुगे असल्याने कोरडे घासणे अपायकारक असते. येथे नेहमी होणारी चूक म्हणजे सर्वांत खालचा थर मूळ रंग समजणे. तो बहुधा लोहाच्या ऑक्साइडाचा तांबूस अस्तरथर असतो व त्यावर लांबीचा थर येतो. किती तरी गाड्या अशा प्रकारे ‘मुळात मरून’ ठरविल्या गेल्या असाव्यात. घोडागाड्यांच्या परंपरेतील कारागीर आधार-रंगावर पारदर्शक रंगाचा हात व शेवटी व्हार्निश देत. सर्वांत जुन्या व्हार्निशाच्या पृष्ठावर धुळीची रेघ सूक्ष्मदर्शकात दिसली, तर तिच्याखालचा रंग गाडी रस्त्यावर असताना दिसत होता, असे म्हणता येते.

रंगाचे घटकही काळ सांगतात. नायट्रोसेल्युलोजाचे ड्यूको हे लॅकर १९२३ मध्ये ओकलंड गाड्यांवर आले. ते थिनरने विरघळते, तर जुना तेलरंग फुगतो वा सुरकुततो. थॅलोसायनीन निळा १९३५ च्या सुमारास बाजारात आला. १९२८ च्या गाडीवर तो आढळल्यास तो थर निश्चितच नंतरचा असतो.

योग्य थर सापडल्यावरही छटा जशी दिसते तशी उचलता येत नाही. मराठवाड्याच्या उन्हात उघड्या भागावरील रंग विटतो. उलट, अंधारात राहिलेले जवसाचे तेल पिवळे पडते व निळा हिरवट, पांढरा मळकट भासू लागतो. म्हणून काढलेला नमुना प्रथम काही दिवस उजेडात ठेवून पिवळेपणा कमी होऊ देतात आणि मगच दिवसाच्या प्रकाशात प्रमाणित रंगपट्ट्यांशी त्याची तुलना करतात. नवा रंग देताना अस्तरामागील एखादा जुना तुकडा न घासता तसाच राखतात, म्हणजे पुढील तपासणीसाठी तो उपलब्ध राहतो.